लीगचा तोकडा

संपादक स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काका, दिवाळी अंकात कामाचे अनुभव घेतोय. तुमच्या कामाबद्दल लिहा." मी विचारलं, "कुठल्या कामाबद्दल? पगार मिळाला त्या, की नाही मिळाला त्या?" ते हसले. मी काही हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

पगाराचं काम जॉबरचं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी सगळी उमर यंत्रमागांच्या खाली वाकून काढली. माग बंद पडला की विणकर हाक मारतो, जॉबर पाना घेऊन जातो, काय ढिलं झालंय, काय तुटलंय ते बघतो आणि माग चालू करून देतो. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. माग खोटं बोलत नाही आणि उलटून बोलत नाही. मी लिहिणार आहे ते बिनपगारी कामाबद्दल. आमच्या भागात मुलामुलींची कबड्डी लीग होती, तिचा मी खजिनदार होतो.

शाळेचं म्हणाल तर चौथीत बसलो आणि चौथीतूनच उठलो. वाचणाऱ्यानं व्याकरण काढू नये. हिशोब काढला तर चालेल, त्याला मी आजही तयार आहे.

लीग म्हणजे टीव्हीवर दिसते ती नव्हे. कारखान्यांच्या मागं एक मोकळी जागा होती. रविवारी सकाळी तिथं मागवाल्यांची, हमालांची, विडी वळणाऱ्या बायांची पोरं जमायची. प्रत्येक भागाचा एक संघ, मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. मुलींचे सामने सुरू केले तेव्हा माणसं भिंतीवर बसून बघायची, आणि ती काय बघत होती ते मला कळत होतं. दोन-चार रविवार गेले आणि तीच माणसं "अगं बोनस घे की, बोनस!" म्हणून ओरडायला लागली. खेळानं माणसाची नजर सुधारते, हे मी तिथं पाहिलं. पुढं ती परत बिघडते, हेही पाहिलं.

लोक म्हणतात, कबड्डीला काय लागतं, दोन पाय असले की झालं. असं म्हणणाऱ्यानं कधी मैदान केलेलं नसतं. माती आणावी लागते, चाळावी लागते, खडे वेचावे लागतात, नाहीतर पोरांचे गुडघे फुटतात. आदल्या दिवशी पाणी मारायचं, सकाळी फक्कीनं रेषा आखायच्या. पंचाला चहा आणि भजी, कारण पंच फुकट येतो, निदान त्याचं पोट तरी आपण बघावं. पोरांना केळी, गूळ-शेंगदाणे. बाहेरगावी सामना असला की टेम्पो. बनियन, चड्ड्या, मलमपट्टी. हे सगळं पैशानं येतं.

आणि लीगचा एकच नियम होता. पोरांकडून पैसे घ्यायचे नाहीत. फी नाही, वर्गणी नाही, बनियनचेसुद्धा नाहीत. गरीब असेल त्याला माफ, असंही नाही. कारण माफ करायचं म्हटलं की गरीब कोण ते विचारावं लागतं, आणि मग एक पोर सगळ्यांच्या समोर उभं राहतं. त्यापेक्षा कुणालाच नको. हा नियम मी घातला. मी होतो तोवर मोडू दिला नाही.

मग पैसा कुठून यायचा? तोकड्यातून.

मागाच्या पाठीमागं एक मोठा रूळ असतो, त्यावर उभं सूत गुंडाळलेलं असतं. त्याला बीम म्हणतात. बीम सुटत जातो आणि पुढं टॉवेल विणून येत राहतो. बीम संपता संपता थोडं सूत उरतं. त्यात पूर्ण लांबीचा टॉवेल बसत नाही, अर्धा बसतो, फार तर पाऊण. मालक तिथंच माग थांबवायचे, सूत कापायचे, आणि ते चिंधीवाल्याकडं वजनावर जायचं. नवा बीम चढवायला मी असायचोच. दर वेळी ते कापलेलं सूत पायात यायचं आणि माझा जीव तुटायचा.

आमच्या कारखान्याचे मालक नरसय्या अण्णा. तेलुगू माणूस, हातमागावर बसून वर आलेला. शेठ झाले तरी डब्यात भाकरी आणि शेंगाचटणीच आणायचे. त्यांना एक दिवस म्हटलं, "अण्णा, हे शेवटचं सूत कापू नका. मी विणून काढतो. जो तुकडा येईल तो पोरांच्या लीगला द्या."

"तोकडा टॉवेल कोण घेणार रे?"

"ते माझ्याकडं लागलं."

"वीज माझा जाणार. आडवा सूत माझा जाणार."

"अण्णा, तेवढ्या विजेवर तुमचा रेडिओ बी वाजायचा न्हाय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, बीमकडं बघितलं आणि हात झटकला. म्हणजे विण. त्या दिवशी लीगचा पहिला तोकडा निघाला. पुढं मी शेजारच्या कारखान्यातल्या जॉबरांना सांगितलं. जॉबर लोकांचं आपापसात जमतं, कारण सगळ्यांची कंबर एकसारखीच दुखत असते. हळूहळू दर रविवारी मैदानाच्या कडेला टेबलावर तोकड्यांची चळत लागायला लागली. रंगीत, पट्ट्यांचे, चौकटीचे, जसा बीम तसा तोकडा. किंमत सगळ्यांना एकच, मालकाला आणि हमालालाही.

लोक चेष्टा करायचे, पण घ्यायचे. एक हमाल दर महिन्याला घ्यायचा. म्हणायचा, "काका, ह्यो नेसून मोरीतनं भाईर आलो की बायकू वळखती, पर शेजारीन बी वळखाय लागली." त्याची बायको मागं उभी असायची, ती म्हणायची, "तिला बी एक तोकडा द्या, डोळ्यावर बांधाय."

हिशोब माझा सगळ्यांच्या समोर असायचा. चळत उतरली की टेबलावरचा पैशाचा डबा भरला. सामने संपले की डबा लोकांसमोर उघडायचा, त्यातून केळीवाल्याचं, भजीवाल्याचं, मातीवाल्याचं भागवायचं. राहिलं ते पुढच्या टेम्पोला. कुणी मला कधी विचारलं नाही की काका, पैसे कुठं गेले. त्यांना दिसायचंच कुठं गेले ते. पोरांच्या पोटात गेले.

पैसे देणारी माणसं हे या कामातलं सगळ्यात अवघड प्रकरण. न देणाऱ्याचं काही वाटत नाही. अण्णांचंच सांगतो. एका वर्षी म्हणाले, "जॉबर, बनियनवर माझा नाव घाल. पाठीवर. सगळ्या संघांचा बनियन मी देतो."

मी म्हटलं, "पाठीवर नंबर असतो अण्णा."

"नंबरच्या खाली घाल."

"खाली चड्डी असते."

त्यांना राग आला. मलाही आला होता. पोरगं चढाई करून येतं, पडतं, उठतं, त्याची पाठ मातीनं भरते. ती पाठ त्याची. त्यावर शेठचं नाव कशाला? मी नाही म्हटलं ते नाहीच म्हटलं. मग अण्णांनी बीमाचं सूत पुन्हा कापायला लावलं, आणि तेही माझ्याच हातानं. नोकरी त्यांची होती. मी कापलं. एक बीम, दुसरा, तिसरा. चौथ्या वेळी कात्री उचलली तर अण्णा मागाजवळ येऊन उभे. म्हणाले, "विण रे बाबा, विण. कापताना तुझा तोंड बघवत नाही." बनियन त्यांनी दिले. नाव नाही घातलं. शेवटपर्यंत मला म्हणायचे, "हा माणूस माझ्याकडनं पैसा घेतो आणि मलाच दम देतो."

दुसरे आमच्या वॉर्डातले भाऊ. अंतिम सामन्याला आले, माइक मागायला लागले. त्यांना लीगला मोठी देणगी जाहीर करायची होती. मी म्हटलं, "आधी टेबल, मग माइक. आणलंय ते टेबलावर ठेवा, मग काय बोलायचं ते बोला."

"काका, जाहीर तर करू द्या. पैसं काय, मागनं येत्यात."

"मग तुमचं नाव बी मागनं घिऊ की."

भाऊ तसेच गाडीत बसून गेले, परत मैदानावर फिरकले नाहीत. लीगच्या कमिटीतले मला महिनाभर म्हणत होते, जॉबरनं आलेला पैसा घालवला. आलाच नव्हता, तर मी घालवला कुठून?

करमाळ्याची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. मुलींचा संघ तिकडं खेळायला नेला होता. जाताना टेम्पोवाल्यानं ओळखीखातर नेलं, आणि करमाळ्यात पोचल्यावर म्हणाला, परत न्यायचं तर डिझेल टाका. डब्यात जेवढं होतं ते पोरींच्या जेवणाला गेलं होतं. पण मी तोकड्यांचं एक गाठोडं सवयीनं बरोबर घेतलं होतं. बाजाराचा दिवस होता. पोरींना पंचांच्या हवाली केलं आणि गाठोडं घेऊन बाजारात बसलो. सोलापुरात तोकडा सगळ्यांना माहीत होता, करमाळ्यात कुणाला माहीत असणार? एक मेंढरंवाला म्हातारा आला, टॉवेल कमरेला लावून बघितला.

"ह्यो पुरत न्हाय."

"न्हाय पुरत."

"मग इकतोस कशाला?"

"पोरी खेळाय आल्यात. घरी न्यायच्यात. म्हनून इकतोय."

म्हाताऱ्यानं टॉवेल उलटा-सुलटा केला, मग डोक्याला गुंडाळला. बरोबर बसला. डोक्याला काय, तोकडासुद्धा पुरतो. तो तसाच बाजारातून फिरला आणि परत आला तो आणखी चार मेंढरंवाले घेऊन. गाठोडं संपलं. संध्याकाळी उजनीच्या पाण्याकाठानं टेम्पो निघाला तेव्हा पोरी मागं गाणी म्हणत होत्या आणि टेम्पोवाला मला म्हणाला, "काका, तुमी दगड बी इकला असता." मी त्याच्याशी सोलापूरपर्यंत बोललो नाही.

त्या टेम्पोत रेणुका होती. तेव्हा ती संघात सगळ्यात लहान. तिची आई शकूबाई, विड्या वळायची. नवरा असून नसल्यासारखा. रेणुकाच्या आधी शकूबाईचा थोरला मुलगा लीगमध्ये खेळायचा. पहिल्याच रविवारी शकूबाई टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, किती द्यायचं?"

"काय न्हाय द्यायचं."

"आसं कसं? माझं पोरगं फुकटचं न्हाय खेळायचं."

"मग एक तोकडा घ्या."

"तोकडा घ्याला पैसं आसतं तर फी नसती का दिली?" असं म्हणून तिनं आजूबाजूला बघितलं. घामानं आणि मातीनं भरलेल्या बनियनचा ढीग पडला होता. तो तिनं उचलला, लुगड्याच्या ओच्यात घेतला आणि चालायला लागली. पुढच्या रविवारी सगळे बनियन धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून परत. तेव्हापासून लीगचे कपडे शकूबाई धूत होती. मी तिला कधी धन्यवाद म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला राग आला असता. ती आम्हाला देत होती आणि तिची पोरं खेळत होती, इतका सरळ व्यवहार मी कुठल्या बँकेत पाहिला नाही.

रेणुका मोठी झाली आणि चढाईला जायला लागली. काय चढाई करायची! अंगानं काडी. समोरच्यांना वाटायचं, आता धरली. आणि ती रेषेवर हात टेकून हसत उभी. मी खेळातलं शहाणपण सांगणारा माणूस नाही, पण सगळा कारखाना त्या पोरीला बघायला रविवारची झोप मोडून यायचा. ती खेळली त्या दिवशी चळत लवकर संपायची.

मग दिवस फिरले. अण्णा गेले. त्यांच्या मुलांनी जुने माग भंगारात काढले. बाकीच्यांनी नवे, आपोआप चालणारे माग आणले. त्यांचे बीम अवाढव्य, संपता संपत नाहीत, आणि संपले तरी आमच्यासारख्यानं हात लावायचा नाही. जॉबर पोरांनाही नोकरीची भीती, कोण म्हणणार शेठला की शेवटचं विणून देतो? टेबलावरची चळत उतरत गेली. हे मी लपवत नाही. पैसा कमी पडत होता. मी म्हणालो, कमी पडला तर कमी खर्च करू. केळ्याच्या जागी नुसते शेंगदाणे. बाहेरगावच्या जागी इथंच खेळू. पण कमिटीला आता कमी खर्चात लाज वाटायला लागली होती.

त्याच सुमाराला संदीप अध्यक्ष झाला. हा आमच्याच मातीतला पोरगा. अनवाणी यायचा, केळं खाऊन दुसरं खिशात घालून न्यायचा. मी बघायचो आणि तिकडं पाठ करायचो. पुढं शिकला, बांधकामाच्या धंद्यात पडला, गाडी आली. चांगलं झालं, मला आनंद झाला होता. अध्यक्ष करा म्हणून माझाच पहिला हात वर होता.

तो म्हणाला, "काका, आता सिस्टिम लागते. टॉवेल विकून लीग चालत नाही. कंपन्या देतात, पण त्यांना सगळं कागदावर पाहिजे. चेकनं पाहिजे."

"तोकड्याचा चेक कोण लिहिणार?"

"तेच तर म्हणतोय काका. तोकडा बंद करू."

त्यानं एका कंपनीचे साहेब गाठले. ते मॅट देणार होते. मातीवर नाही, मॅटवर खेळायचं, राज्यात सगळीकडं तसंच खेळतात. चांगली गोष्ट होती, मी आडवा आलो नाही. साहेब बघायला आले त्या रविवारी मैदान भरलं होतं. विणकर, त्यांच्या बायका, म्हातारे, सगळे. संदीपनं मला सांगितलं, "काका, तुम्ही सगळ्यात ज्येष्ठ. साहेबांचा सत्कार तुमच्या हातनं."

आमच्याकडं पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीनं करतात. संदीपनं टेबलावर शाल आणून ठेवली होती, पिशवीतली, चकचकीत. मी ती बघितली. मग चळतीतला सगळ्यात चांगला तोकडा काढला. लाल काठाचा होता, अण्णांच्या शेवटच्या मागांवरचा, मी स्वतः विणलेला. लीगचं म्हणून जे काही आमच्याजवळ होतं ते तेवढंच होतं. तो मी उलगडला आणि साहेबांच्या खांद्यावर घातला.

खांद्यावर घालायला टॉवेल लांब लागतो. तोकडा दोन्ही बाजूंनी राहीना, घसरायला लागला. आणि मैदानावर हशा पिकला. "साहेबाला तोकडा! साहेब लीगचं झालं!" लोक टाळ्या पिटत होते. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. साहेबांना आपल्यात घेतलं म्हणून ते हसत होते. साहेब बिचारे गोंधळले. "काय झालं?" म्हणाले.

संदीप पळत आला. दोन बोटांनी तोकडा उचलला. माइक त्याच्या हातातच होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"सॉरी सर. डिफेक्ट पीस आहे. चुकून आला."

आणि तोकडा टेबलाखाली टाकून त्यानं शाल घातली.

हसू थांबलं. ज्यांनी ते तोकडे विणले ते समोर बसले होते. ज्यांनी ते विकत घेऊन लहानपणी संदीपला केळी चारली तेही बसले होते. मी म्हटलं, "चुकून न्हाय आला. मी आणलाय." पण माझ्या हातात माइक नव्हता. साहेब म्हणाले, "छान, छान," आणि फोटोसाठी वळले. मी टेबलाखाली वाकलो. माझा जन्मच वाकण्यात गेला, त्याचं काही नाही. तोकडा काढला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकून खुर्चीवर बसलो. मला बरोबर पुरला. म्हातारपणी खांदे आखडतात.

लोक अजून म्हणतात, जॉबरनं मुद्दाम साहेबाचा अपमान केला. मी मुद्दाम केला, पण अपमान नव्हे, मान. ज्याला कळला नाही त्याच्याबद्दल मी काय करू?

मॅट आली. फुकट आली. पण मॅट उन्हापावसात ठेवता येत नाही, म्हणून शेड आली. शेडला कुलूप आलं, कुलपाला राखणदार, राखणदाराला पगार. फुकटची मॅट मातीपेक्षा महाग पडली. मग संदीपनं बैठक बोलावली आणि फीचा विषय काढला.

"अगदी किरकोळ फी," तो म्हणाला. "फुकट मिळालं की लोकांना किंमत राहत नाही."

मी उठलो. "तू फुकट खेळलास. तुला किंमत हाय का न्हाय, ते तूच सांग."

कुणीतरी हसलं. संदीप लाल झाला, पण आवाज चढवला नाही, शिकलेला आहे. म्हणाला, "काका, ज्याला परवडत नाही त्याला सूट आहेच. फक्त अर्ज द्यायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा."

"म्हणजे पोरानं आपन गरीब हाय म्हनून लिवून द्यायचं."

"प्रोसिजर आहे काका."

हात वर करायला सांगितलं. त्यातले निम्मे हात मी त्यांच्या लहानपणी फक्कीनं पांढरे झालेले बघितले होते. सगळे वर गेले. माझा एकट्याचा गुडघ्यावर राहिला. त्याच बैठकीत ठरलं की पैशाचं काम आता अकाउंटंट बघेल, आणि मला सल्लागार केलं. मी म्हटलं, माझा सल्ला तुम्ही आत्ताच पाडला, आता सल्लागार कशाला? डब्यात जे होतं त्याची केळी आणली, बाहेर खेळणाऱ्या पोरांना वाटली, आणि रिकामा डबा घरी घेऊन आलो.

रेणुका तेव्हा ऐन भरात होती. जिल्ह्याच्या निवडीला तिचं नाव जाणार होतं, आणि ते लीगमधूनच जायचं. मी शकूबाईकडं गेलो. ती उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आता कपडे धुवायला नकोत म्हनं. ज्याचं त्यानं न्यायचं."

"शकूबाई, अर्ज द्या. मी लिवून देतो."

तिचा हात थांबला. "मी गरीब हाय आसं लिवून द्यू? त्या संदीपला? त्याची बनियन धुतलीया मी."

"बरं, ऱ्हाऊ द्या अर्ज. फी मी भरतो. पोरीचं नुकसान नको."

"तुमचं कशाला घ्यू, दादा? लीगचं घेत हुते, लीगचं धूत हुते. तुमचं काय धुऊ?"

मी खूप समजावलं. ती ऐकेना. आणि ऐकेना तेच बरोबर होतं. इतकी वर्षं मीच लोकांना सांगत होतो, इथं कुणी कुणावर उपकार करत नाही. ती बाई तेवढं एक माझं पक्कं धरून बसली होती. आत रेणुका भांडी घासत होती. आवाज येत होता. ती बाहेर आली नाही.

शकूबाईनं स्वतः फी भरायचं ठरवलं. एक महिना भरली. दुसऱ्या महिन्याला विडीच्या पानाचा काहीतरी घोळ झाला, कारखान्यानं काम कमी दिलं. रेणुका मैदानावर गेली तर राखणदारानं यादी बघून गेटवर थांबवलं. ज्या मैदानाचे खडे तिनं वेचले होते त्या मैदानाच्या गेटवर. ती वाद न घालता परत फिरली. पुन्हा गेली नाही. निवडीला दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. ती मुलगीही चांगली आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

संदीपची लीग आजही चालू आहे. पोरांच्या पाठीवर नंबरच्या वर कंपनीचं नाव आहे, खाली संदीपच्या बांधकामाचं. टेबलावर मोबाइलनं पैसे भरायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलाय. हिशोब म्हणे इंग्रजीत छापून येतो, सगळा बरोबर असतो. असेल. बसमधून जाताना गेट दिसतं. पोरं चांगल्या बुटातली असतात. आमच्या भागातलं एखादंच.

मागच्या महिन्यात एमआयडीसीत जुन्या दोस्ताकडं गेलो होतो. शिफ्ट सुटायची वेळ. एका टॉवेलच्या कारखान्यातून पॅकिंगच्या पोरी बाहेर पडत होत्या. त्यातली एक धावत आली. "जॉबरकाका!" रेणुका. अंग भरलंय, चालणं तेच आहे, पायाच्या चवड्यावर. पिशवीतून तिनं एक टॉवेल काढला. म्हणाली, "नव्या मागाला बी कदीतरी आखूड पीस निघतंय, काका. सायेब म्हनत्यात, पुसायला न्या. मी ठेवला तुमच्यासाठी."

मी हातात घेऊन बघितला. वीण बारीक, अण्णांच्या मागाहून सरस. पण आखूड.

"मी काय करू ह्याचं, रेणुका?"

"इका की."

"कुणाला इकू? टेबल कुटं हाय आता?"

तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली, त्यातली नोट काढली, जी किंमत आम्ही रविवारी लावायचो तेवढीच, आणि माझ्या तळहातावर ठेवून टॉवेल काढून घेतला.

"मी घेतला. लीगला जमा करा."

"अगं, कुटली लीग?"

"आपली," ती म्हणाली, टॉवेल डोक्याला गुंडाळला, उन्हासाठी, आणि मैत्रिणींच्या मागं निघून गेली. मी हाक मारली. ती नुसता हात वर करून गेली.

नोट परत द्यायला मी शकूबाईच्या घरी गेलो नाही. घेतली नसती. संदीपच्या टेबलावर ठेवणार नाही, मेलो तरी. स्वतःला खर्चायचा प्रश्नच नाही, ती माझी नाही. रिकामा डबा घरी होता, त्यात टाकली आहे. रविवारी सकाळी सवयीनं जाग येते. डबा घेऊन ओट्यावर बसतो. बायको म्हणते, "कुणाची वाट बघताय?" आजवर डब्यात आलेला लीगचा पैसा पोरांच्या पोटात जायचा. ही एकच नोट राहिली आहे.